देवरे सरांच्या गाडीचं ॲव्हरेज

इगतपुरीच्या कॉलेजात मी इतिहास शिकवायला रुजू झाले, त्या आठवड्यात स्टाफरूममध्ये चहाची चौकशी चालू होती. चहाला रॉकेलचा वास येतो अशी सगळ्यांची तक्रार होती. कॅन्टीनवाल्या शांतारामला काढून टाकावं इथपर्यंत बोलणं गेलं होतं. रसायनशास्त्राचे देवरे सर तेवढे म्हणाले, "थांबा जरा, बघू." त्यांनी शांतारामला पहिल्या दिवशी दुसऱ्या गवळ्याचं दूध घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी दूध पूर्वीचंच, पण चहाची पावडर वेगळी. मग साखर, मग पातेलं. रोज आम्ही सगळ्यांनी चहा प्यायचा आणि वास येतो की नाही ते सांगायचं. शेवटी सापडलं ते गाळायचं फडकं. इगतपुरीच्या पावसात काही म्हणजे काही वाळत नाही. शांताराम ते फडकं स्टोव्हच्या उबेला, रॉकेलच्या डब्यावर पसरून ठेवायचा. फडकं बदललं, वास गेला आणि शांतारामची नोकरी राहिली.

मी नवी होते, तरी न राहवून विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी सगळं बदललं असतं तर?"

"वास गेला असता," ते म्हणाले, "पण कशाने गेला ते कळलं नसतं. एका वेळी एकच, मॅडम."

हे 'एका वेळी एकच' मी पुढे इतक्यांदा ऐकलं, की वर्गात सनावळ्या शिकवताना माझ्याही तोंडून निघायला लागलं.

देवरे सर मूळचे सटाण्याकडचे. उंच, हाडकुळे. अर्ध्या बाह्यांचे पांढरे शर्ट आणि त्यांवर ॲसिडने पडलेली बारीक भोकं. आमच्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलायचे, पण गावाहून भावाचा फोन आला की आवाज चढायचा आणि अहिराणीतलं 'शे' आणि 'नही' सुरू व्हायचं. शेंगा खायला बसले की आधी सगळ्या सोलून दाण्यांचा ढीग करायचे आणि मगच पहिला दाणा तोंडात टाकायचे. कोणी म्हणालं, "हे नेहमीच असं होतं," की ते शांतपणे विचारायचे, "नेहमी म्हणजे कधी कधी?" भांडायला आलेला माणूस तिथेच गार व्हायचा. कधी कधी जास्त चिडायचाही.

त्यांच्या पत्नी, निर्मलावहिनी, नाशिकला इंदिरानगरमध्ये घरीच शिवणाचा क्लास घ्यायच्या. त्यांचं डोकं दुखायचं. सरांनी एक आठवडा त्यांचा चहा बंद केला, दुसऱ्या आठवड्यात चहा चालू करून दही बंद केलं, तिसऱ्या आठवड्यात मशीनवरचा दिवा हलवला. हे सगळं वहिनींनीच मला हसत सांगितलं. "चौथ्या आठवड्यात मी म्हटलं, आता एक आठवडा तुम्ही बोलणं बंद करून बघा." सर शेजारीच बसले होते. "मी बंद केलं होतं," ते म्हणाले. "फरक पडला नाही." डोकं कशाने दुखायचं ते काही कळलं नाही. काही महिन्यांनी आपोआप थांबलं, आणि ते सरांच्या मनाला बरेच दिवस लागून राहिलं होतं.

गाडी त्यांनी घेतली ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. ती आधी कुणा वकिलाकडे होती. पांढरी, डिझेलवर चालणारी, सकाळी सुरू करताना घसा खाकरल्यासारखा आवाज करणारी. तोवर नाशिकला राहणारे आम्ही काहीजण नाशिक रोडहून रेल्वेने कॉलेजला जायचो. गाडी आल्यावर सर, मी आणि ग्रंथालयातले पगारे असे तिघे एकत्र जायला लागलो. मी पाथर्डी फाट्यावर उभी राहायचे. पगारे आधीच पुढच्या सीटवर असायचे. गोल चेहऱ्याचा, बडबड्या, घरी दोन लहान मुली असलेला माणूस. गोंद्यापर्यंत त्यांच्या मुलींच्या गमती चालायच्या, घोटी आली की पाऊस किंवा धुकं सुरू व्हायचं आणि आम्ही गप्प व्हायचो.

सरांचं गाडी चालवणं त्यांच्यासारखंच होतं. हिसका नाही, घाई नाही. पुढचा ट्रक कधी बाजूला होणार हे त्यांना आधीच कळल्यासारखा त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठायचा. मागे बसून मी वह्या तपासू शकायचे.

टाकी ते नेहमी एकाच पंपावर, गाडी एकाच जागी उभी करून, अगदी तोंडापर्यंत भरायचे. पुढच्या वेळी परत तोंडापर्यंत. किती किलोमीटर झाले, किती डिझेल बसलं, हा हिशोब डोक्यातच. गाडीने चांगलं ॲव्हरेज दिलं की सांगायचे नाहीत, पण त्या दिवशी आम्हाला घोटीला भजी मिळायची. एका पावसाळ्यानंतर भजी बंद झाली.

"ॲव्हरेज पडलंय," सर एका सकाळी म्हणाले.

"गाडी म्हातारी झाली, सर," पगारे म्हणाले.

"म्हातारी हळूहळू होते. हे एवढ्यात झालंय."

मग जे सुरू झालं ते हिवाळाभर चाललं. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ रफिकभाईंचं गॅरेज होतं. रफिकभाईंचा पहिला अंदाज असा, की डिझेलचा पंप गेलाय, तो खोलावा लागेल. सर म्हणाले, पंप शेवटी, आधी सोपं बघू. एअर फिल्टर काढला तर तो विटकरी धुळीने भरलेला. तो बदलला, टाकी भरली, पुढची टाकी भरेपर्यंत आम्ही वाट बघितली. किंचित फरक. मग टायरमधली हवा. मग चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघितली, ब्रेक कुठे धरून राहतात का म्हणून. मागचं एक चाक जड फिरत होतं, ते मोकळं केलं. मग डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. त्यानंतर कळलं, की इंजिन वेळेवर तापावं म्हणून जो थर्मोस्टॅट असतो, तो पूर्वी कुणीतरी काढूनच टाकलेला आहे आणि घाटावरच्या थंडीत इंजिन अर्ध्या वाटेपर्यंत गारच राहतंय. सर त्या दिवशी फार खूश होते. नवा बसवला. ॲव्हरेज थोडं सुधारलं आणि पुढच्या टाकीला परत पडलं.

आम्ही कंटाळलो होतो. पगारे मला हळूच म्हणायचे, "मॅडम, यापेक्षा रेल्वे बरी." आणि खरं सांगायचं तर प्रवासाला वेळही जास्त लागायला लागला होता. मी फाट्यावर पूर्वीपेक्षा लवकर येऊन उभी राहायचे. आम्हाला वाटायचं, हायवेवर ट्रक वाढलेत.

त्याच काळात कॉलेजात सरांबद्दल थोडी कुरबुर होती. प्राचार्य शेजारून गेले तरी देवरे नमस्कार करत नाहीत, एवढं काय झालंय त्यांना? प्रयोगशाळेत त्यांच्या कोपराने टेबलावरचा फ्लास्क दोनदा पडला. शिपाई म्हणाला, सरांचं लक्ष नसतं हल्ली. आम्ही म्हणालो, लक्ष गाडीत असतं.

शेवटी पंपही तपासून झाला. पंप चांगला होता. रफिकभाई हात पुसत म्हणाले, "सर, आता खोलायला काही राहिलंच नाही. गाडी एकदम ओके आहे."

सर गाडीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "सगळं बदलून झालं. चालवणारा तेवढा बदललेला नाही."

हे त्यांनी सहज म्हटलं होतं. त्यांच्या दृष्टीने तो एक राहिलेला प्रयोग होता, बस. रविवारी रफिकभाईंनी गाडी इगतपुरीपर्यंत न्यायची आणि परत आणायची. रोजचं वजन तेवढंच पाहिजे म्हणून मी आणि पगारे गाडीत हवेत. पगाऱ्यांची रविवारची झोप गेली, तरी ते आले. सर माझ्या शेजारी मागे बसले; एक माणूस जास्त झाला, पण त्याने ॲव्हरेज घटेल, वाढणार नाही, असं म्हणाले. रफिकभाईंनी गाणी म्हणत गाडी नेली आणि आणली. पंपावर टाकी तोंडापर्यंत भरली. सरांनी आकडा बघितला, मनात भागाकार केला आणि म्हणाले, "पूर्वीइतकं आहे."

पगारे मोठ्याने हसले. "म्हणजे सर, सर्व्हिसिंग तुमचंच करायला पाहिजे!"

सरही हसले. "पुढच्या रविवारी मी चालवतो. रफिकभाई, तुम्ही शेजारी बसा आणि मी काय चुकतोय ते बघा."

पुढच्या रविवारी ऊन चांगलं होतं. मी आणि पगारे मागे. पाथर्डी फाटा सोडल्यावर थोड्याच वेळात रफिकभाई म्हणाले, "सर, चौथा टाका ना. रस्ता मोकळा आहे." सरांनी चौथा गिअर टाकला, पण थोड्या वेळाने गाडी परत तिसऱ्यात आली. "ब्रेकवर पाय कशाला, सर? पुढे कोणी नाही." मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ते स्टिअरिंगवर किंचित वाकून, मान पुढे काढून, सरळ समोर बघत होते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

वाडीवऱ्हेच्या जवळ डाव्या कडेने एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन रस्ता ओलांडायला निघाली. ती आम्हा तिघांनाही लांबूनच दिसली. सरांनाही दिसली असणार असं आम्ही तिघांनीही धरून चाललो. गाडी तशीच जात राहिली. मग रफिकभाई ओरडले आणि त्यांनी एका हाताने स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, दुसऱ्या हाताने हँडब्रेक खेचला. गाडी आडवी होऊन थांबली. गवताचा भारा बॉनेटला घासून रस्त्यावर पडला. बाई पडली नाही. ती दोन पावलं मागे झाली आणि मग तिचा आवाज फुटला.

"दिसत नाय का रं तुला? एवढी मोठी बाई दिसत नाय?"

सर खाली उतरले. तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "नाही दिसलात, बाई. खरंच नाही दिसलात."

तिला वाटलं हा माणूस थट्टा करतोय. रफिकभाईंनी भारा उचलून तिच्या डोक्यावर दिला, माफी मागितली, ती बडबडत निघून गेली. मग रफिकभाईंनी गाडी कडेला घेतली. सर बाभळीच्या सावलीत उभे होते. पगारे गाडीतून उतरलेच नव्हते.

"पगारे, जरा या," सर म्हणाले. "हातरुमाल काढा."

पगारे उतरले. सरांनी डावा डोळा हाताने झाकला आणि समोरच्या विजेच्या खांबाकडे बघत उभे राहिले. "आता माझ्या उजवीकडून, खांद्याच्या मागून, रुमाल हलवत हळूहळू पुढे या. दिसला की सांगतो."

पगारे रुमाल हलवत चालू लागले. सरांच्या खांद्याच्या रेषेत आले, त्यांच्या पुढे गेले, आणखी पुढे गेले. सर खांबाकडे बघत होते. पगारे जवळजवळ खांबाच्या रेषेत येऊ लागले तेव्हा सर म्हणाले, "दिसला." मग त्यांनी दुसरा डोळा झाकला आणि पगाऱ्यांना डावीकडून यायला सांगितलं. तिकडेही तसंच झालं. मग त्यांनी मला उभं केलं, आणि मला रुमाल कुठे दिसतो ते बघितलं. मला तो खांद्याच्या रेषेतच दिसला होता. ते मी सांगितलं. मला खोटं सांगावंसं वाटलं होतं, पण त्यांच्यापुढे ते जमलं नाही.

"म्हणजे दोष गाडीत नव्हता," सर म्हणाले. त्यांनी खिशातून पांढरा रुमाल काढून चष्मा पुसला, परत घातला आणि रफिकभाईंकडे वळले. "तुम्हीच चालवा."

रफिकभाईंनी गाडी नाशिकला आणली. पगारे त्यांच्या घराजवळ उतरले आणि दार न लावताच निघून गेले.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांचा, बराच पुढे गेलेला. कडेची नजर आधी जाते, इतकी हळूहळू की माणसाला पत्ता लागत नाही. समोरचं अक्षर स्वच्छ वाचता येतं, म्हणून चष्म्याचा नंबरही बदलत नाही. गेलेली नजर परत येणार नव्हती. उरलेली औषधाने टिकवायची. हे सगळं सरांनी आम्हाला स्टाफरूममध्ये उभं राहून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. शेवटी म्हणाले, "मला कळत नव्हतं हे खरं आहे. पण मॅडमना आणि पगाऱ्यांना मी रोज गाडीत घेऊन जात होतो हेही खरं आहे."

आम्ही बाकीचे काहीबाही बोललो. पगारे म्हणाले, "माझ्या पोरी लहान आहेत, सर." एवढंच म्हणाले आणि ग्रंथालयात गेले.

पुढे बरेच महिने ते सरांशी बोलले नाहीत. आम्ही परत रेल्वेने जायला लागलो. पगारे दुसऱ्या डब्यात चढायचे. मी एकदा म्हटलं, पगाऱ्यांनी असं वागायला नको होतं. तेव्हा ते म्हणाले, "त्यांना भीती वाटली. ती जाईल तेव्हा जाईल." एका संध्याकाळी नाशिक रोडला गाडी उशिरा पोचली, प्लॅटफॉर्मवर गर्दी होती आणि दिवे गेले होते. सर दारात उभे होते, उतरायला पायरी सापडत नव्हती. मी त्यांच्या मागे होते. खालून कोणीतरी त्यांचा दंड धरला. "उजवा पाय आधी, सर," पगारे म्हणाले. मग ते त्यांना रिक्षापर्यंत घेऊन गेले आणि मुलींच्या शाळेची गमत सांगत राहिले, जणू मधे काही झालंच नव्हतं. त्यानंतर रोज तेच सरांना रिक्षात बसवून द्यायचे.

गाडी विकायची असं सरांचं ठरलं होतं. निर्मलावहिनी म्हणाल्या, "विकायची कशाला? मी शिकते." सरांना आनंद झाला. त्यांनी एका कागदावर इंजिनचं चित्र काढलं, चार ठोके समजावून सांगायला सुरुवात केली. वहिनींनी अर्धा तास ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला फक्त चालवायची आहे. तुम्ही मागे बसा." शिकवायला त्यांनी रफिकभाईंना बोलावलं. इंदिरानगरच्या मोकळ्या मैदानात त्या पदर खोचून गाडी चालवायच्या आणि सर मागच्या सीटवर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, एक अक्षर न बोलता बसायचे. मी एकदा तिथे गेले होते. गाडी हिसके खात होती, तीनदा बंद पडली. सरांचा चेहरा बघवत नव्हता. क्लच सोडण्याविषयी त्यांना किती सांगायचं असेल याची मला कल्पना होती. त्यांनी सांगितलं नाही.

परवाना मिळाल्यावर त्या दोघांनी त्र्यंबकेश्वर केलं, मग सटाणा. एकदा मीही त्यांच्याबरोबर पंपावर गेले होते. टाकी भरून झाली, तेव्हा सर हळूच म्हणाले, "किती बसलं गं? ॲव्हरेज काय देतेय?"

"मी मोजत नाही," वहिनी म्हणाल्या.

सरांनी तोंड उघडलं, मिटलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले. वहिनींनी आरशात मला डोळा मारला.

दोन हजारनंतर सरांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. प्रयोगशाळेत आपण उभं राहणं आता मुलांना धोक्याचं आहे असं त्यांनी प्राचार्यांना स्वतः जाऊन सांगितलं. निरोपाच्या समारंभात भाषणं झाली, ती त्यांना आवडली नाहीत. इंदिरानगरचं घर भाड्याने देऊन ते गावी राहायला गेले. फोन व्हायचे. पुढे ते वहिनीच लावायच्या, कारण आकडे दिसत नाहीत म्हणून सर फोनच्या वाटेला जात नसत.

काही वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी सटाण्याला गेले होते. दुपारी काम संपल्यावर रिक्षा करून त्यांच्या मळ्यात गेले. धाकट्या भावाने डाळिंब लावलं होतं, झाडं छातीला लागतील एवढी झाली होती. वहिनी घरी नव्हत्या, सटाण्याच्या बाजाराला गेल्या होत्या. सर झाडांच्या दोन ओळींमधे उभे होते. डोक्याला पांढरा टॉवेल गुंडाळलेला, चष्मा नव्हताच. एकेक फांदी हाताने चाचपून, फळ तळहातावर तोलून, पुढच्या झाडाकडे सरकत होते. माझ्या पायांचा आवाज ऐकून थांबले.

"कोण शे?"

"मी, सर," एवढंच मी म्हटलं आणि नाव सांगण्याआधीच त्यांनी मान माझ्या दिशेने वळवली. "मॅडम? तुम्ही?"

मी हो म्हटलं. बरंच बोललो. पगाऱ्यांची मोठी मुलगी इंजिनिअरिंगला गेली हे त्यांना माझ्याआधीच माहीत होतं, पगाऱ्यांनी पत्र पाठवलं होतं आणि वहिनींनी वाचून दाखवलं होतं. डोळ्यांबद्दल मी विचारलं नाही, तरी ते म्हणाले, "ऊन आणि सावली कळते अजून. बाकीचं गेलं." बातमी द्यावी तसं सांगितलं आणि लगेच भावाच्या फवारणीवर बोलायला लागले. तो एकाच वेळी दोन औषधं मारतो, मग कशाने काय झालं हे त्याला कधी कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

"विहिरीचं पाणी पिऊन बघा, या," म्हणून ते निघाले. मी हात पुढे केला. तो त्यांना दिसला नाही, किंवा नको होता. ते पुढे, मी मागे. बांध अरुंद होता, दोन्हीकडे ओलं. ते न अडखळता, हात डाळिंबाच्या पानांना लावत लावत चालले होते. मी खाली बघत होते, तरी माझी चप्पल दोनदा घसरली.

"जपून," ते मागे न वळता म्हणाले. "इथं ठिबकची नळी आडवी आलीय. पाय उचलून टाका."